दुसऱ्यांदा येणारा माणूस

मघाशी स्वागताच्या भाषणात होडी वल्हवण्याच्या उपक्रमाच्या उद्घाटनाच्या दिवशी काठावर जमलेल्या गर्दीचा उल्लेख झाला. गर्दी पाहून मलाही बरं वाटतं. पण इतकी वर्षं लोकांच्या हातात वल्ही दिल्यावर मी गर्दी मोजायचं सोडून दिलंय. फुकट होडीत बसायला मिळतंय म्हटल्यावर कोण येणार नाही? मी मोजतो ते पुढच्या आठवड्याला. मागच्या खेपेचे किती चेहरे परत दिसले? हा आकडा बहुतेक वेळा रडवणारा असतो.

आमच्या मंडळाला पहिल्यांदा पैसे मिळाले तेव्हा आम्ही हौसेने रेसिंग कयाक, म्हणजे दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने चालवायच्या शर्यतीच्या अरुंद होड्या, घेतल्या. मी स्वतःच हट्ट धरला होता. ऑलिंपिकमधली एकट्याची कयाक जास्तीत जास्त 5.2 मीटर लांब आणि कमीत कमी 12 किलो वजनाची असते. दिसायला देखणी, पण नवखा माणूस बसला की ती त्याला पाण्यात टाकूनच दम घेते. तीनदा बुडी मारलेली माणसं हसत घरी गेली आणि पुन्हा फिरकली नाहीत. शेवटी रुंद बुडाच्या, आत न शिरता वरच बसायच्या कयाक आणल्या. त्या उलटल्या तरी माणूस आत अडकत नाही, बाजूला पडतो. होडी सरळ करायची आणि पुन्हा वर चढायचं. दिसायला त्या परातीसारख्या आहेत, पण माणसं परत आली ती त्यांच्यामुळे.

आता पहिल्या तासात काय शिकवायचं ते सांगतो. नवखा माणूस दंडाने वल्हं ओढतो, मूठ आवळून धरतो आणि थोड्याच वेळात म्हणतो, ‘माझ्या हातात जोरच नाही.’ खरं तर जोर हातात नसतोच. कंबरेपासून धड वळवायचं आणि वल्ह्याचं पातं पायाच्या बोटांशी पाण्यात घालायचं. पाय होडीला रेटले की पाठ आपोआप काम करते. मूठ सैल. एवढं पहिल्या पंधरा मिनिटांत सांगितलं, तर ‘हे आपलं काम नाही’ म्हणत जाणारे कितीतरी लोक थांबतात. आणि होडी उलटण्याची भीती? ती काठाजवळ, कमरेइतक्या पाण्यात, मुद्दाम उलटवूनच घालवायची. अर्थात अंगावर लाइफ जॅकेट हवं, आणि ते मापाचं हवं. एकाच मापाची जॅकेटं घेऊन बसलेलं मंडळ लहान मुलांना आणि जाड माणसांना न बोलता परत पाठवत असतं. कपडे बदलायला आडोसा नसेल, तर बायकांनाही.

हा खेळ बायकांना परत पाठवण्यात पहिल्यापासून पटाईत. 1936 साली बर्लिनला कनू (एकाच पात्याच्या वल्ह्याने चालवायची होडी) आणि कयाक ऑलिंपिकमध्ये आल्या, त्या फक्त पुरुषांसाठी. 1948 मध्ये महिलांना कयाकची एक शर्यत मिळाली. कनूची मात्र टोकियोपर्यंत, म्हणजे 2021 पर्यंत मिळाली नाही. दिव्यांगांची पॅराकनू पॅरालिंपिकमध्ये आली 2016 साली. होडीत बसल्यावर पाय चालतात की नाही हे पाण्याला कळतही नाही, तरी एवढा उशीर.

आता ड्रॅगन बोटीबद्दल, म्हणजे अनेकांनी मिळून वल्हवायच्या लांब चिनी होडीबद्दल, कारण परत येण्याचं गुपित मला तिथे सापडलं. तिच्यात 20 वल्हेकरी जोडीजोडीने बसतात, शिवाय एक ढोलवाला आणि एक सुकाणूवाला. एकट्याच्या कयाकमध्ये तुम्ही आला नाहीत, तर कुणाचं काही अडत नाही. इथे तुमची जागा रिकामी दिसते आणि शेजारचा माणूस फोन करतो. 1996 साली व्हँकुव्हरमध्ये डॉन मॅकेंझी या क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांनी स्तनांच्या कर्करोगातून उठलेल्या 24 जणींना अशा बोटीत बसवलं. त्या काळी अशा बायकांना हाताला ताण देऊ नका असं बजावलं जाई, हात सुजेल म्हणून. हळूहळू सराव वाढवला आणि भीती होती तसं काही झालं नाही. आज अशा बायकांचे संघ अनेक देशांत आहेत. त्या केवळ व्यायामासाठी येत राहिल्या असतील, असं मला नाही वाटत.

एका गावापुरतं हे झालं. सबंध भागाचा विचार करायचा, तर नदी गावांच्या हद्दी मानत नाही. म्हणून सगळ्या मंडळांचा मिळून एकच नकाशा हवा: कुठे उतरायचं, कुठे बाहेर पडायचं आणि बंधारे कुठे आहेत. बुटका बंधारा सगळ्यात फसवा. वरून येताना पाण्यावर नुसती सरळ रेघ दिसते. खाली पडलेलं पाणी मात्र उसळून बंधाऱ्याकडेच मागे वळतं आणि माणसाला तिथेच गरगर फिरवत ठेवतं. चांगला पोहणाराही त्यातून सुटत नाही.

होड्याही प्रत्येकाने घ्यायची गरज नाही, एक ट्रेलर सगळ्यांत फिरू द्या. फक्त होडीबरोबर दुसऱ्या पाण्यातले जीवही फिरतात. झेब्रा शिंपले उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत जहाजांतून आले. तिथून छोट्या तळ्यांत पसरले ते हौशी लोकांच्या बोटींबरोबर. त्यांची पिल्लं होडीत राहिलेल्या पाण्यात डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. तेव्हा पाणी ओतून टाका, होड्या धुवा आणि कडकडीत वाळू द्या. ट्रेलरचं वेळापत्रक आखताना मध्ये धुण्यावाळवण्याचे दिवस कोरे ठेवा. त्या दिवशी पाण्यात उतरायला मिळत नाही, तरी काही जण नुसते होड्या घासायला येतात. आमच्याकडे आज शिकवणारे जे आहेत, ते बहुतेक त्यांच्यातलेच.