आत्याबाईच्या मिशा आणि एकोणचाळीस सेकंद

नमस्कार श्रोतेहो.

जुलैत मुंबईची लोकल उशिरा धावते आणि आमच्यासारख्या काही घरांतला संध्याकाळचा टीव्ही फ्रान्सच्या डोंगरात जाऊन बसतो. टूर द फ्रान्स. सायकलींची शर्यत, तीन आठवडे, एकवीस टप्पे. रोज लागलेला वेळ वाण्याच्या वहीसारखा मांडत जायचा आणि शेवटी ज्याची बेरीज सगळ्यांत कमी, तो जिंकला. आघाडीवर जो असेल त्याच्या अंगात पिवळी जर्सी. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे: बेरीज कमी, जर्सी पिवळी.

ही बेरीज फिरते ती बहुतेक वेळा घाटात. का, ते वाळकेश्वरच्या चढावर गॅसचा सिलिंडर नेणारा माणूस पाहिलेल्या कुणालाही समजेल. भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास. सपाट रस्त्यावर गडी सायकलवर बसून शीळ घालत जातो, चढ लागला की उतरून ढकलतो. सपाटीवर वैरी असतो वारा, आणि वाऱ्याला दुसऱ्याच्या पाठीमागे लपून फसवता येतं. चढावर वैरी असतं वजन. त्याच्यापासून लपणार कुठे? म्हणून घाटातल्या कामगिरीचं सगळं गणित एका भागाकारावर येतं. पायांची ताकद वॅटमध्ये, भागिले अंगाचं वजन किलोत. उत्तर सहाच्या पुढे गेलं आणि अर्धा-पाऊण तास तिथंच टिकलं, की तो माणूस जगातल्या पहिल्या रांगेतला. पुन्हा सांगतो: ताकद भागिले वजन, आणि सहा. सायकल मात्र नियमानं ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही. आमच्या ओळखीतले काही हौशी पहाटे नरिमन पॉइंटला फिरण्यासाठी दोन-दोन लाखांची हलकी सायकल घेतात. समोर समुद्र, रस्ता टेबलासारखा सपाट, आणि पोट हँडलला टेकलेलं. दोन किलो नेमके कुठून कमी करायचे होते... असो, त्यातले दोघे हे भाषण ऐकत असतील.

तर या भागाकारावरून भांडणं होतात. पिरेनीज पर्वतात प्लातो द बेई नावाचा चढ आहे. जवळजवळ सोळा किलोमीटर, दर शंभर मीटरला आठ मीटर वर. १९९८ साली मार्को पांतानी हा लहानखुरा इटालियन तो साडेत्रेचाळीस मिनिटांच्या आसपास चढला आणि सव्वीस वर्षं ती वेळ शाबूत राहिली. १४ जुलै २०२४ ला स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार चाळीस मिनिटांच्या आत वर पोचला. साडेतीन मिनिटांहून जास्त फरक! त्याच्या मागून एक मिनिट आठ सेकंदांनी योनास व्हिंगगार्ड आला, तोही पांतानीपेक्षा पुष्कळ लवकर. म्हणजे जुना विक्रम मोडून हरला बिचारा.

मग सुरू होतं. कुणी म्हणतं सायकली बदलल्या, टायर बदलले. कुणी म्हणतं खाणं बदललं; आता शर्यत चालू असताना तासाला शंभर ग्रॅमच्या वर साखर पोटात ढकलतात. कुणी भुवया उंचावतं. आणि भुवया उंचावणाऱ्यांना एकदम गप्प करता येत नाही, कारण पांतानीच्याच १९९८ च्या नमुन्यात ईपीओ, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारं बंदी घातलेलं औषध, सापडल्याचं २०१३ च्या फ्रेंच सिनेटच्या अहवालात आलं. पण माझं म्हणणं वेगळं आहे. नुसत्या वेळा शेजारी-शेजारी ठेवून भांडणं म्हणजे रविवारी लोकलमध्ये बसायला मिळालं म्हणून सोमवारच्या गर्दीवर मत देणं. त्या दिवशी वारा कुठून होता? पुढे राहून ओढत कोण होतं? २०२४ मध्ये पायथ्यापासून जोर लावला तो व्हिंगगार्डच्या संघानं, पुढे हल्ला केला तो स्वतः व्हिंगगार्डनं, आणि पोगाचार मागे चिकटून राहिला, तो शेवटच्या पाच किलोमीटरला सुटला. वेळ एकाच्या नावावर लागते, घाम दोघांचा असतो.

हे झालं घड्याळाचं. त्याहून मोठं भांडण असतं जर-तरचं. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं आपल्याकडे म्हणतात आणि विषय संपवतात. सायकलवाल्यांचा विषय तिथून सुरू होतो.

पोगाचारनं त्या दिवशी प्लातो द बेईच्या आधी चार मोठे घाट ओलांडले, त्यातला एक मांते. याच मांतेच्या उतारावर १२ जुलै १९७१ ला, गारांच्या वादळात, स्पेनचा लुईस ओकान्या पडला. अंगात पिवळी जर्सी, आणि बेल्जियमच्या एडी मर्क्सवर सात मिनिटांहून जास्त आघाडी. त्याला हेलिकॉप्टरनं न्यावं लागलं, आणि मर्क्स जिंकला. पण दुसऱ्या दिवशी मर्क्सनं ती जर्सी अंगात घालायला नकार दिला. ओकान्या पडला नसता तर? १९८९ साली तर सगळी शर्यत आठ सेकंदांनी गेली. ते आठ सेकंद मी आज काढत नाही, काढले तर बातम्यांची वेळ होईल आणि मला सांगायची ती गोष्ट राहील.

गोष्ट आमच्या गिरगावच्या चाळीतल्या काकांची. काका छापखान्यात होते आणि तरुणपणी मुंबई-पुणे सायकल शर्यतीत उतरायचे. ती शर्यत म्हणजे खरं तर बोरघाट. खोपोलीपर्यंत सगळेच शूर असतात, खरी परीक्षा खोपोली ते खंडाळा. घाटात जो पहिला, तो घाटाचा राजा. पुण्याला पहिला आलेल्याचं नाव लोक विसरतात, घाटाच्या राजाचं विसरत नाहीत, असं काकांचं मत. सत्तरच्या दशकात एका वर्षी काकांनी चोरबाजारातून गिअरची परदेशी सायकल जमवली होती. आणि त्या वर्षी, शिंगरोबाच्या देवळाच्या अलीकडच्या वळणावर, काकांची चेन पडली.

शिंगरोबा ठाऊक आहे ना? बोरघाटाची वाट साहेबाला दाखवणारा धनगर, असं म्हणतात. गाडीवाले जाता-जाता अजून नाणं टाकतात. काका म्हणायचे, मी त्या दिवशी टाकलं नाही, तिथंच चुकलं.

चेन पडली, काका उतरले, बोटं काळी करून चेन चढवायला लागले, आणि मागून लालबागचे एक गिरणी कामगार आले. काकांचे जिवलग मित्र. दोघांनी महिनाभर पहाटे एकत्र सराव केलेला. मित्रानं पाहिलं, आणि मित्र निघून गेला. थांबला नाही. वेग कमी केला नाही. घंटी तेवढी वाजवली.

त्या घंटीवर पुढची पस्तीसेक वर्षं भांडण चाललं. दर रविवारी, इराण्याकडे, एका ब्रुन मस्क्यात दोघं. काका म्हणायचे, "तू थांबायला पाहिजे होतंस. चेन पडली नसती तर घाटाचा राजा मीच." लालबागकर म्हणायचे, "शर्यतीत कुणी थांबतं का? देवदर्शनाला निघालो होतो का आपण?" बिल कोण देणार हे मात्र कधी ठरायचं नाही. (इराणी हॉटेलं बंद पडत गेली याला लोक वेगवेगळी कारणं देतात. एका ब्रुनवर दोन तास बसणारी अशी गिऱ्हाइकं हेही एक असावं. आणि ब्रुन चहात बुडवूनच खायचा, नुसता खाणाऱ्यांशी मी बोलत नाही.)

आता या २०१० च्या जुलैत. तारीख १९, सोमवार, बाहेर धो-धो. काकांच्या खोलीत टीव्हीसमोर काका, लालबागकर, आणि केबलचा रिमोट मला येतो म्हणून मी. पिरेनीजमधला पोर द बालेस नावाचा घाट. पिवळ्या जर्सीत लक्झेंबर्गचा अँडी श्लेक, त्याच्या मागे स्पेनचा आल्बेर्तो कोंतादोर. दोघांत ३१ सेकंदांचं अंतर. माथा जवळ आलेला. श्लेक उठून उभा राहिला, जोरात पायडल मारलं, आणि...

चेन पडली.

खोलीत कुणी बोललं नाही. श्लेक उतरला, बोटांनी चेन चढवायला लागला. कोंतादोर शेजारून निघून गेला. घंटी नव्हती एवढंच.

मला वाटलं, आता काका टीव्ही फोडणार. पण पहिले बोलले ते लालबागकर. अगदी हळू. "थांबायला पाहिजे होतं त्यानं."

काका फिरले. "कशाला? कशाला थांबेल?"

"अरे पिवळ्या जर्सीवाल्याची चेन पडलीय."

"मग? पायावर सगळं वजन टाकलेलं असताना गिअर बदलला की चेन पडतेच. ही चूक त्याची आहे. हजार वेळा सांगितलं होतं आम्हाला उस्तादांनी!"

"दोन आठवड्यांपूर्वी हाच पोरगा बेल्जियममध्ये पडला तेव्हा सगळा घोळका थांबला होता याच्यासाठी. मग आज का नाही?"

"तेव्हा थांबले ती चूक. देवदर्शनाला निघालेत का?"

श्रोतेहो, तुमच्या लक्षात आलं असेल. त्यांच्या आलं नाही. दोन तास दोघं भांडले. काका लालबागकरांची बाजू घेऊन, लालबागकर काकांची. काकांनी चेनचा दोष इतक्या बारकाईनं समजावला, कुठल्या दातावरून कशी उतरते ते बोटांनी दाखवलं, की ही माहिती श्लेकची नाही हे मलाही कळत होतं. आणि लालबागकर, ज्यांनी पस्तीस वर्षांत एकदाही हार मानली नव्हती, ते म्हणाले, "सेकंदभर ब्रेक लावायला काय जातं रे माणसाचं?"

त्यावर आतून काकू बाहेर आल्या. हातात भाजीची विळी. म्हणाल्या, "सातवा नंबर होता तो."

"कसला?"

"तुमच्या शर्यतीचा. ट्रंकेत निकालाचा कागद आहे. घाटात लालबागकर सातवे, तुम्ही आठवे. राजा झालेला माणूस वर बसून केळं खात असेल तेव्हा तुमचं चेनचं चाललं होतं." आणि आत गेल्या.

लालबागकरांनी छत्री उचलली.

त्या दिवशी कोंतादोरनं श्लेकवर ३९ सेकंद कमावले. व्यासपीठावर लोकांनी हुर्यो उडवली, रात्री त्यानं व्हिडिओ करून माफी मागितली. आणि आता बेरीज ऐका, सावकाश सांगतो. आधी श्लेक ३१ सेकंदांनी पुढे. चेन पडली, ३९ गेले, म्हणजे आता श्लेक ८ सेकंदांनी मागे. पुढे तुर्मालेच्या घाटात दोघं एकत्रच वर पोचले, फरक शून्य. शेवटून दुसऱ्या दिवशी बोर्दोपासून एकेकट्यानं घड्याळाशी शर्यत, तिथं कोंतादोरला आणखी ३१ सेकंद मिळाले. आठ आणि एकतीस किती? एकोणचाळीस. पॅरिसला शर्यत गेली ती ३९ सेकंदांनी. चेनमुळे गेले तेवढेच, एक कमी नाही, एक जास्त नाही. चेन पडली नसती तर तीन आठवड्यांनंतर दोघं बरोबरीत, आणि मग घड्याळाच्या शर्यतींतले सेकंदाचे शंभरावे भाग मोजायची वेळ.

ही बेरीज ऐकून मंडळी माना डोलावतात आणि इथंच मी त्यांना अडवतो. ३९ वजा केले म्हणजे जर-तर झालं, असं नाही. चेन पडली नसती तर श्लेकच्या अंगात पिवळी जर्सी राहिली असती, आणि जर्सीवाला माणूस वेगळी सायकल चालवतो. तुर्मालेवर दात-ओठ खाऊन पुढे खेचत होता तो श्लेक, आठ सेकंद मागे होता म्हणून. कोंतादोर निवांत मागे बसला, आठ सेकंद पुढे होता म्हणून. जर्सी उलटी असती तर हल्ला कोंतादोरला करावा लागला असता. मग आधी कोण ढेपाळलं असतं? वजाबाकी करता येते, श्रोतेहो. शर्यत पुन्हा लावता येत नाही.

काकांना हे पटलं नाही. पुढच्याच रविवारी ते इराण्याकडे आपल्या मूळ बाजूवर परत गेले, लालबागकरही गेले. त्या सोमवारचा विषय दोघांनी कधी काढला नाही.

२०१२ च्या फेब्रुवारीत बातमी आली. कोंतादोरच्या २०१० च्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉल हे बंदी घातलेलं औषध सापडलं होतं, त्याचा निकाल लागला. त्याचं म्हणणं असं की दूषित मांस खाण्यात आलं. क्रीडा लवादानं ते मानलं नाही. विजेतेपद काढून घेतलं आणि श्लेकला दिलं. लक्झेंबर्गमध्ये त्याला जर्सी घालण्यात आली, ना घाट, ना घाम. मी धावत काकांकडे गेलो, सगळं सांगितलं. काका बराच वेळ गप्प होते.

"म्हणजे वरचा बाद झाला की खालचा सरकतो?"

"हो."

"इतक्या वर्षांनी पण?"

"दोन वर्षांनी दिलं की त्याला."

काकांनी फोन उचलला. लालबागचा नंबर लावला. मला ऐकू यावं म्हणून रिसीव्हर जरा लांब धरला.

"ऐक रे. त्या दिवशी खोपोलीला तू काय खाल्लं होतंस?"

पलीकडे शांतता. मग आवाज आला.

"बटाटेवडे. दोन. त्यातला एक तुझा होता."