संध्याकाळी साडेसहा ते नऊ

(कोल्हापुरात व्यसनमुक्तीचं काम करणारे कार्यकर्ते आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, उपचार घेऊन घरी आलेल्या माणसाला गल्लीत, तालमीत, पाहुण्यारावळ्यांत एकच विचारतात, "सुटली काय?" उत्तर 'हो' असतं, तरी तो रात्रभर जागा असतो, काम गेलेलं असतं, घरात कुणी सरळ बोलत नसतं. उपचार अर्ध्यावर सुटायला हे पुरेसं असतं. दोष मात्र 'मनाचा कच्चा' म्हणून त्यालाच लागतो.

'सुटली काय?' यापलीकडे त्याचं जगणं कसं चाललंय हे मोजायला जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांतली झोप, दुखणं, कामाची ताकद, पैसा, घर, मित्रांचा आधार, अशा गोष्टींना १ ते ५ गुण द्यायचे. त्यात लैंगिक जीवनाचाही एक प्रश्न आहे आणि आपल्याकडे लाजेपोटी नेमका तोच गाळला जातो. गाळू नका. ब्राऊन शुगरनं इच्छा मंदावते, तिच्यावरच्या औषधानंही मंदावू शकते. पुरुष हे बोलत नाही, परस्पर गोळी बंद करतो. ही प्रश्नावली भरतीच्या वेळी, तिसऱ्या महिन्यात आणि सहाव्या महिन्यात भरून घ्या. शरीराचे गुण आधी चढतात, नाती आणि पैसा मागं रेंगाळतात. म्हणून अंगावर मांस आलं की फॉलोअप सोडायचा, हे चुकतं.

आता गोळीबद्दल सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथंच होतात. ब्राऊन शुगरसारख्या अफूच्या जातीच्या नशेवर ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोनची गोळी देतात. पहिली गोळी टर्की (नशा न मिळाल्यानं होणारा त्रास) लागल्यावरच घ्यायची, म्हणजे शेवटच्या ब्राऊन शुगरनंतर किमान १२ तासांनी. घाई केली तर ही गोळी आधीच्या नशेला मेंदूतल्या जागेवरून ढकलते आणि एकदम जोराची टर्की येते. मग "गोळीनंच वाट लागली" म्हणून माणूस परत येत नाही.

रोजची पद्धत अशी. तोंड कोरडं असेल तर घोटभर पाणी प्यायचं. गोळी जिभेखाली ठेवून ती पूर्ण विरघळेपर्यंत, साधारण ५ ते १० मिनिटं, बोलायचं नाही, चघळायची नाही, गिळायची नाही. मावा तर अजिबात नको. गिळलेलं औषध रक्तात फारसं पोचत नाही, दुपारपर्यंत अंग मोडून येतं, आणि मग उगाचच डोस कमी पडतोय असं वाटतं. विरघळल्यावर पाणी तोंडात खुळखुळवून गिळायचं आणि ब्रश तासाभरानंच करायचा. औषधानं दात किडू शकतात, म्हणून दातांच्या डॉक्टरांकडेही जायचं. पोट घट्ट होतं, त्याला भरपूर पाणी, भाकरी-पालेभाजी, लागलंच तर इसबगोल.

"किती दिवस गोळी?" हा घरच्यांचा घोर मी समजू शकतो. पण घाईनं बंद करू नका. काही आठवडे नशेपासून लांब राहिलेल्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वी पचणारा डोस तेव्हा श्वास बंद पाडतो, माणूस जातो.

दारूवरच्या डायसल्फिरामची कथा वेगळी. ही गोळी न सांगता आमटीत मिसळणाऱ्या घरांना कळकळीनं सांगतो, हे करू नका. त्यावर दारू पोटात गेली की चेहरा लाल, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब खाली, जीवही जाऊ शकतो. गोळी थांबवल्यावरही असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ती माणसाला सांगून, त्याच्या संमतीनं आणि शेवटच्या पेल्यानंतर किमान १२ तासांनीच सुरू होते.

झोप आठवडेच्या आठवडे बिघडलेली राहते. रात्री दोनला तो अंगणात फेऱ्या मारतो आणि घरच्यांना वाटतं, परत घेतली. दारात उभं करून तोंडाचा वास घेणं थांबवा. त्यापेक्षा दोघांनी मिळून दिवसातली एक वेळ ठरवा, तेव्हा गोळी घ्यायची आणि तेव्हाच विचारायचं. उठायची वेळ एकच ठेवा, चहा दुपारी चारनंतर नको. झोपेच्या गोळ्या मनानं कधीच नको. त्यांचीही सवय लागते आणि ब्युप्रेनॉर्फिनबरोबर श्वास दबू शकतो.

केंद्र निवडताना २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा लक्षात ठेवा. दारू आणि अमली पदार्थांचं व्यसन त्यात येतं. सक्तीनं डोकं भादरता येत नाही, स्वतःचे कपडे घालायचा हक्क आहे. बोलायला कुणी नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे.

राहिली संध्याकाळ. शिरोलीच्या फाउंड्रीतली शिफ्ट सुटते, अंग घामानं चिंब, खिशात पगार, आणि साच्याला मारलेल्या स्पिरिटच्या पेंटचा वास अजून नाकात. कुणाकुणाला तेवढा वासही तलफ आणायला पुरतो. साडेसहा ते नऊ हेच अवघड तास. तलफ बहुधा २०-३० मिनिटांत ओसरते, पण ती वेळ आधीच बांधलेली हवी. सुटल्या सुटल्या काहीतरी खाऊन घ्यायचं, रिकाम्या पोटी तलफ जास्त छळते. जुन्या अड्ड्याचा रस्ता टाळून यायचं. मग रंकाळ्याला फेरी, मुलांचा अभ्यास, एएची (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा आधारगट) मीटिंग, काहीही, पण रोज त्याच वेळेला. पगार खात्यावर घ्यायचा, आणि रोजचा खर्च किती जवळ ठेवायचा हे त्यानंच ठरवायचं. सगळे पैसे काढून घेतले की माणूस उसनवारीला लागतो.

मंडळांच्या पोरांना एक मागणं आहे. त्याला साडेसहाला बोलवायला जा. गणपतीत देखाव्याचं, महाप्रसादाची भाजी चिरायचं काम द्या आणि नऊला घरी सोडा. पहिल्या वर्षी पावतीपुस्तक मात्र देऊ नका, वर्गणीची रोकड हातात घेऊन दारोदार फिरताना तो जुना अड्डाही वाटेत येतो.