दोन रकाने आणि तिसरा माणूस

अवघड निर्णय आला की आपण कागद घेतो, मध्ये रेघ मारतो. इकडे फायदे, तिकडे तोटे. ही युक्ती जुनी आहे. १७७२ मध्ये इंग्लंडमधला शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली याला एका नोकरीबद्दल ठरवता येईना म्हणून त्यानं बेंजामिन फ्रँकलिनचा सल्ला मागितला. फ्रँकलिननं कळवलं, काय ठरवावं हे सांगण्याइतकं मला माहीत नाही, कसं ठरवावं ते सांगतो. तीन-चार दिवस सुचेल तसं दोन्ही बाजूंना लिहीत राहा, मग सारख्या वजनाचे मुद्दे समोरासमोर खोडा. रकाने सगळ्यांच्या लक्षात राहिले, ते तीन-चार दिवस मात्र आपण विसरलो. माझ्या मते खरी गोम त्या दिवसांत होती.

डार्विननंही १८३८ मध्ये असाच कागद केला. प्रश्न, लग्न करावं की नाही? न करण्याच्या बाजूला पुस्तकांना पैसे, हवं तिथं जायची मोकळीक, नातेवाइकांकडे जायची सक्ती नाही. करण्याच्या बाजूला म्हातारपणीची सोबत, 'निदान कुत्र्यापेक्षा बरी' अशा शेऱ्यासकट! आणि शेवटी खोडाखोड न करता तीनदा 'लग्न कर' लिहून, भूमितीचं प्रमेय सिद्ध झाल्यासारखा समारोप. पुढच्या जानेवारीत एमाशी लग्न झालं आणि संसार उत्तम झाला. पण म्हणून हिशेब निष्पक्ष होता असं होत नाही. निकाल चांगला लागला की पद्धतही चांगलीच होती असं वाटणं, हाही एक पूर्वग्रहच.

आपल्या डोक्यात वकील आणि न्यायाधीश एकच असतो, अडचण तिथं आहे. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसनचा १९६० चा प्रयोग पाहा. लोकांना २, ४, ६ ही मालिका दिली आणि तिच्यामागचा नियम शोधायला सांगितलं. स्वतःच्या मालिका सुचवायच्या, त्या नियमात बसतात की नाही एवढंच उत्तर मिळणार. 'दोन-दोननं वाढतात' असं मनात बसलेला माणूस ८, १०, १२ विचारतो, होकार मिळतो, आणि तो खूश. १, २, ३ विचारलं असतं तरी होकारच आला असता, कारण नियम फक्त चढत्या आकड्यांचा होता. आपलं म्हणणं खोटं पाडणारा प्रश्न बहुतेकांना सुचतच नाही.

नोकरी सोडायची ठरवत आणलेला माणूस मित्राला काय विचारतो? "इथं काही भवितव्य नाही, नाही का रे?" मित्र बिचारा हो म्हणतो, आणि आपण त्याला सल्ला म्हणतो. त्याऐवजी कल न सांगता, दोन्ही बाजू सारख्याच सुरात मांडून विचारा. जमलं तर, त्या निर्णयात ज्याचं काही अडकलेलं नाही अशा तिसऱ्या माणसाला विचारा. घरचे लोक प्रेमाचे असतात, पण त्यांचंही काहीतरी पणाला लागलेलं असतंच.

पूर्वग्रहांवर वाचलं म्हणजे सुटलो, असंही नाही. दुसऱ्याचे पूर्वग्रह चटकन दिसतात, स्वतःचे नाही. म्हणून मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइनची रीत मला आवडते. निर्णय घेऊन टाकलाय असं धरा. वर्ष उलटलंय आणि सगळं फसलंय. आता ते का फसलं, हे दहा मिनिटं लिहा. "फसेल का?" या प्रश्नाला मन सरळ "नाही" म्हणून मोकळं होतं. फसलंच आहे म्हटल्यावर त्याला कारणं शोधावी लागतात, आणि तेव्हा पगाराचा आकडा बाजूला पडून "तिथं माझं पटणारच नाही" असं काहीतरी कागदावर येतं, जे दोन्ही रकान्यांत कुठेच नव्हतं.