समुद्राचा सातबारा

राजापूर तालुक्यात साखरी नाटे गावाच्या बंदरावर होड्या लागल्या की बांगड्याच्या पाट्या भराभर काठावर उतरतात आणि वाहनांचा खोळंबा सुरू होतो. याच परिसरात जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पासाठी माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली आणि वरीलवाडा या गावांतील सुमारे ९३८ हेक्टर जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली संपादित झाली. त्या कायद्यात भरपाई होती, पुनर्वसनाचे बंधन मात्र नव्हते. आणि भरपाई जमीन ज्याच्या नावावर, त्याची. समुद्राचा सातबारा कोणाच्याच नावावर नसतो. प्रकल्पातून सोडलेल्या गरम पाण्याने मासळी खोल समुद्राकडे जाईल, ही नाटे गावच्या मच्छीमारांची भीती म्हणूनच संपादनाच्या कागदात बसेना. १८ एप्रिल २०११ रोजी प्रकल्पविरोधी आंदोलनात नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एकाचा जीव गेला.

विस्थापनाला शासन कसे उत्तर देते, हे बऱ्याच अंशी शासन त्या माणसाला कोणत्या नावाने ओळखते यावर ठरते. कोयना धरणातून उठलेली कुटुंबे रत्नागिरी, रायगड, ठाण्यापर्यंत पांगली, तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. तो १९७६ मध्ये आला, आणि ‘प्रकल्पग्रस्त’ या शब्दाला हक्काचे वजन मिळाले. ते वजन टिकवले ते मोर्चे आणि धरणे यांनी; श्रमिक मुक्ती दलासारख्या संघटना कोयनेच्या प्रश्नावर त्यानंतरही कित्येक दशके झगडत राहिल्या.

दरडीने उठलेल्यांसाठी दुसरी यादी असते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर डोंगर कोसळला. ती ठाकूर आदिवासींची वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे खुद्द शासनानेच विधिमंडळात सांगितले. वाचलेली कुटुंबे आधी पत्र्याच्या कंटेनरमध्ये राहिली, पुढे सिडकोने चौकजवळ घरे बांधली. म्हणजे इच्छा असली की यंत्रणा हलते, हे खरे. पण ती दुर्घटनेनंतरच हलली, हेही नोंदवावे लागेल.

देशांतर्गत विस्थापितांसाठी संयुक्त राष्ट्रांनी १९९८ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे मांडली, पण ती बंधनकारक नाहीत. १९५१ च्या निर्वासित करारावर भारताने स्वाक्षरीच केलेली नाही, आणि तो करारही सीमा ओलांडणाऱ्यांचा आहे. माडबनहून मुंबईला गेलेला माणूस त्यात येत नाही.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने एक दार किलकिले केले: संपादनापूर्वीची तीन वर्षे ज्यांची मुख्य उपजीविका पाण्यावर अवलंबून होती, ते मच्छीमार आणि नावाडीही त्यात ‘बाधित कुटुंब’ ठरतात. होडीच्या मालकाकडे दाखवायला नोंदणीचा कागद असतो, मच्छीमार सोसायटीचे सभासदत्व असते. त्याच होडीवर हिश्श्याने जाणाऱ्या खलाशाने आणि काठावर पाटी घेऊन बसलेल्या बाईने ही तीन वर्षे कोणत्या कागदाने सिद्ध करायची?