आधी धुराडे, मग शेगडी

घर उबदार ठेवणारी बंद शेगडी निवडताना आणि बसवताना काय पाहावे, ते पाहू. पडद्यावर दिसणाऱ्या या दोन शेगड्या बाहेरून जवळजवळ सारख्याच आहेत. दोन्हींचे अंग बिडाचे आणि काळे आहे, पुढे काचेचे दार आहे आणि माथ्यावरून नळी वर गेली आहे. दारे उघडून तळाकडे पाहिले की फरक कळतो. डावीकडच्या शेगडीचा तळ सपाट असून त्यावर बोटभर राख मुद्दाम राहू दिली आहे. उजवीकडच्या शेगडीत लोखंडी जाळी आहे, जाळीखाली राखेचा कप्पा आहे आणि जाळी हलवून राख पाडण्यासाठी बाहेर एक दांडा काढलेला आहे. लाकूड राखेच्या गादीवर, वरून येणाऱ्या हवेत उत्तम जळते. दगडी कोळशाला मात्र हवा खालून लागते. लाकूड आणि कोळसा दोन्ही चालणारी बहुइंधनी शेगडी म्हणजे मुख्यतः ही जाळी आणि तिच्याखालून येणारी हवेची वाट होय. ज्याला लाकूडच जाळायचे आहे, त्याने ‘असू द्यावी, कधीतरी उपयोगी पडेल’ म्हणून ती घेण्याचे फारसे कारण नाही.

लाकूड जळते असे आपण म्हणतो, पण दिसणाऱ्या ज्वाळा या बव्हंशी लाकडातून सुटणाऱ्या वायूंच्या असतात. ओंडका तापला की आधी त्यातले पाणी निघून जाते, मग वायू सुटू लागतात आणि शेवटी निखारा उरतो. लाकडातील निम्म्याहून अधिक ऊर्जा या वायूंमध्ये असते आणि ते पुरते जळण्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान व वेळेवर मिळणारी ताजी हवा लागते. उघड्या शेकोटीत या दोन्ही गोष्टी साधत नाहीत, त्यामुळे खोलीला तिच्या उष्णतेचा जेमतेम पाचवा हिस्सा मिळतो आणि बाकीची उष्णता धुराड्यातून निघून जाते. चांगली बंद शेगडी मात्र ७० ते ८० टक्के उष्णता घरात ठेवते, कारण तिच्या मागच्या भिंतीतील छिद्रांतून तापलेली हवा ज्वाळांच्या वरच्या भागात सोडलेली असते आणि धूर तिथेच दुसऱ्यांदा पेटतो.

हे सगळे गणित ओले लाकूड बिघडवून टाकते. नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. जाळण्याजोग्या लाकडात ते २० टक्क्यांच्या खाली यायला हवे आणि त्यासाठी फोडलेले सरपण, वर छप्पर आणि बाजूंनी वारा अशा ठिकाणी एक ते दोन वर्षे रचून ठेवावे लागते. आर्द्रता मोजण्याचे छोटे यंत्र मिळते. त्याच्या सुया ओंडक्याच्या कोरड्या टोकाला न लावता, ओंडका तिथल्या तिथे फोडून आतल्या ताज्या पृष्ठभागात रोवाव्यात. वर्षभराचे सरपण रचायला जागा नसेल, तर शेगडीचा विचार तिथेच थांबवलेला बरा.

आता आकाराकडे वळू. घराला उष्णतारोधनाची मध्यम सोय असेल, तर खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये काढून त्याला १४ने भागावे, म्हणजे लागणारी क्षमता किलोवॉटमध्ये ढोबळमानाने मिळते. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच खोलीचे घनफळ ५० घनमीटर भरते; तिला साडेतीन ते चार किलोवॉटची शेगडी पुरते. तरीही बहुतेक जण ‘थोडी मोठीच घेऊ’ म्हणतात. अशी शेगडी खोली भट्टीसारखी तापवते, मग हवेची झडप बंद केली जाते, आग धुमसत राहते आणि न जळालेले वायू थंड धुराड्यात डांबरासारखे चिकटून बसतात. त्या थराने पेट घेतला की धुराड्यातच आग लागते. लहान शेगडी मोकळ्या हवेत जोमाने जळू देणे केव्हाही चांगले.

बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४४ साली आपल्या नव्या शेगडीची माहिती देणारी पुस्तिका छापली. त्या शेगडीत उष्णता वाचवण्यासाठी धुराला आधी खाली आणि मग वर जावे लागे. कल्पना हुशारीची होती, पण धुराडे पुरेसे तापलेले नसले की धूर ते वळण घेईना.

धुराडे धूर ओढते ते आतली हवा गरम आणि म्हणून हलकी असते म्हणूनच. ते उंच, सरळ आणि उबदार असावे. उंची निदान साडेचार मीटर असावी, वळण टाळता येत नसेल तर ४५ अंशांहून तिरके नसावे आणि नळी शेगडीतून धूर बाहेर पडण्याच्या तोंडापेक्षा कुठेही अरुंद होऊ नये. जुने विटांचे ऐसपैस धुराडे आयते मिळाले म्हणून हुरळून जाऊ नये, कारण त्या रुंद पोकळीत धूर पसरतो, थंड होतो आणि रेंगाळतो. त्यात स्टेनलेस स्टीलची नळी सोडून भोवती उष्णतारोधक भरतात. कोळसाही जाळायचा असेल तर ही नळी अधिक गंजरोधक प्रतीची घ्यावी. ओलसर लाकूड आणि गंधकयुक्त कोळसा एकत्र जाळल्यास तयार होणारे आम्ल नळी आतून खाऊन टाकते.

बसवण्याच्या कामात शेगडीखाली न जळणारी फरशी लागते आणि ती दारापुढेही पुरेशी यावी लागते, कारण निखारे तिथेच पडतात. भिंतीपासूनचे अंतर निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेले असते. वरून पक्की दिसणारी भिंत आतून लाकडी असू शकते आणि वर्षानुवर्षे तापलेले लाकूड कमी तापमानालाही पेट घेऊ शकते. खोलीत बाहेरची हवा येण्याची वाट हवी. स्वयंपाकघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा धूर उलटा खोलीत खेचू शकतो, म्हणून जाणकार कारागीर तो पंखा चालू ठेवूनच धुराची चाचणी घेतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. त्याचा इशारा देणारे यंत्र त्याच खोलीत, शेगडीपासून एक ते तीन मीटरवर बसवावे.

पहिली आग लहान ठेवावी. रंग भाजून पक्का होताना उग्र वास येतो, तेव्हा खिडक्या उघड्या असाव्यात. त्यानंतर जाड ओंडके खाली, बारीक काटक्या वर आणि काडी सर्वांत वर लावून आग पेटवावी, म्हणजे वर सुटणारे वायू ज्वाळेतूनच जातात आणि धुराडे लवकर तापते. अर्ध्या तासाने बाहेर जाऊन वर पाहावे. तोंडाशी दाट, निळसर-करडा धूर असेल तर सरपण ओले आहे किंवा हवा कमी पडते आहे. सगळे जमले असेल तर तिथे फक्त तापलेली हवा थरथरताना दिसते.