डमरूच्या आकाराचा फुगा

नमस्कार श्रोतेहो.

सहा महिन्यांची गरोदर बाई. दोन पायऱ्या चढली की धाप लागते. रात्री आडवं होता येत नाही, तीन उशा रचून बसल्या बसल्या झोपते. घरचे म्हणतात, "या दिवसांत होतंच." हृदयरोगांची डॉक्टर म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, अशी धाप अंगावर काढू नका.

गरोदरपणी शरीरातलं रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं. हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप अरुंद असेल, तर ते पुढे सरकत नाही, फुफ्फुसात तुंबतं. निरोगी झडप 4 ते 6 चौरस सेंटिमीटर उघडते. या बायकांची कधी 1 चौरस सेंटिमीटरही उघडत नाही. मूळ असतं बालपणात. स्ट्रेप्टोकॉकस जंतूमुळे घसा दुखतो, दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, एकेक सांधा सुजतो. सांधे बरे होतात. झडपेच्या पाकळ्या मात्र पुढे वर्षानुवर्षं एकमेकींना चिकटत जातात.

पूर्वी यासाठी छाती उघडावी लागे. 1982 साली जपानचे शल्यविशारद कांजी इनोऊए यांनी फुग्याची युक्ती केली. जांघेतल्या शिरेतून नळी हृदयात नेतात, दोन कप्प्यांमधल्या पडद्याला बारीक छिद्र पाडून डावीकडे जातात. फुग्याचं आधी पुढचं टोक फुगतं, मग मागचं. डमरूसारख्या झालेल्या फुग्याच्या मधोमध झडप धरली जाते. शेवटी कंबर फुगते आणि चिकटलेल्या कडा सुटतात. फुगा फुगवून रिकामा करायला काही सेकंदच लागतात. रुग्ण जागी असते. मागचा तुंबलेला दाब टेबलावरच उतरताना दिसतो, आणि इतक्या वर्षांनीही मला ते पाहून भरून येतं.

प्रत्येकीला हे जमत नाही. आत गुठळी असेल, झडप फार गळत असेल किंवा तिच्यावर चुना साचला असेल, तर वेगळा मार्ग शोधावा लागतो. गरोदरपणी शक्यतो पहिले तीन महिने टाळून, पोटाला क्ष-किरणांपासून जपून हे करता येतं.

तो लहानपणचा ताप उलटू नये म्हणून दिलं जाणारं, दर तीन आठवड्यांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन फुग्यानंतरही डॉक्टर सांगतील तोवर चालू ठेवायचं असतं. पण मुलीचं लग्न ठरलं की ते बंद होतं, सासरी कळू नये म्हणून. आईबाबांनो, तिचं इंजेक्शनचं कार्ड लपवू नका, तिच्याबरोबर पाठवा. आणि लहानपणी सांधे सुजले होते, हे गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीत सांगा. टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडप दिसते.