बाळ रडलं नाही, त्याच्याही आधी

(दृश्य: वाळवा तालुका, जिल्हा सांगली. उसाचा फड, कडेला ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांची, म्हणजे कोप्यांची, रांग.)

जानेवारीतली सकाळ. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो ऊस तोडतोय, ती मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रॉलीपर्यंत नेतेय. तिला सातवा महिना आहे. दिवाळीच्या सुमारास टोळी बीडहून निघाली, तेव्हा तिचं माता-बाल संरक्षण कार्ड गावी पत्र्याच्या पेटीत राहिलं.

पाय सुजलेत. टोळीतल्या म्हाताऱ्या म्हणतात, "दिवस भरत आले की सूज यायचीच." बहुतेकदा ते खरंही असतं. पण सुजेबरोबर डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढं काजवे चमकत असतील, तर रक्तदाब मोजायलाच हवा. विसाव्या आठवड्यानंतर तो १४०/९० वर गेला आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, तर तो प्रीएक्लॅम्प्सिया. मूळ दुखणं वारेचं, म्हणजे पोटातल्या बाळाला पोसणाऱ्या प्लासेंटाचं. वारेला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या पुरेशा रुंदावलेल्या नसतात. बाळाला रक्त कमी पोचतं, वाढ खुंटते. कधी आईच्या जिवासाठी दिवस भरायच्या आतच बाळंतपण उरकावं लागतं. पस्तिसाव्या आठवड्यात बाळाच्या मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या मानानं साधारण दोन तृतीयांशच असतं.

(दृश्य: तपासणी केंद्राबाहेरचा बाक. कडेवर दोन वर्षांचं मूल, टाचा उचललेल्या.)

मूल बसत नाही, टाचा टेकवत नाही, म्हणून आईवडील इथं येतात. बोलण्याची सुरुवात ठरलेली: "जन्मल्यावर लगेच रडलं नाही हो."

वैद्यकशास्त्रही फार काळ हेच म्हणत होतं. १८६१ मध्ये लंडनचे डॉक्टर विल्यम लिटल यांनी मुलांच्या अशा ताठर हातापायांचा, म्हणजे आजच्या भाषेत सेरेब्रल पाल्सीचा, संबंध अवघड आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाशी जोडला. १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी (हो, तेच, मनोविश्लेषणवाले) शंका काढली, की बाळंतपण अवघड जाणं हेच आधी बिघडलेल्या वाढीचं लक्षण असेल तर? फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९८६ मध्ये कॅरिन नेल्सन आणि जोनास एलेनबर्ग यांनी अमेरिकेतल्या हजारो मुलांच्या नोंदी तपासल्या. सेरेब्रल पाल्सीच्या बहुतेक मुलांत जन्मावेळचं गुदमरणं हे कारण दिसलं नाही.

आपल्याकडचा पुरावा २०२१ चा. गुदमरलेल्या बाळाला ७२ तास गार ठेवायचं, हा उपचार श्रीमंत देशांत मेंदू वाचवतो. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशात तो करून पाहिला. अपंगत्व घटलं नाही, उलट मृत्यू वाढले. इथल्या बऱ्याच बाळांच्या मेंदूला इजा जन्माच्या आधीच झालेली असावी, असा संशोधकांचा एक अंदाज आहे.

घरी मात्र सुनेलाच विचारतात, "ग्रहणात काय चिरलं होतंस?" मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांबद्दल, उचलीबद्दल, कुणी विचारत नाही.

प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या आईचं प्रत्येक मूल मागं पडतं असं नाही. बहुतेक मुलं व्यवस्थित वाढतात. धोका मात्र वाढतो, आणि तो कमी करता येतो. मॅग्नेशियम सल्फेटचं स्वस्त इंजेक्शन आईचे झटके टाळतं. बत्तिसाव्या आठवड्याआधी बाळंतपण होणार असेल, तर तेच बाळाचा सेरेब्रल पाल्सीचा धोकाही कमी करतं. पण ते द्यायला आधी बिघाड लक्षात यायला हवा.

नंतरचीही सोय कागदावर आहे. आशाताई ४२ दिवस घरी येऊन बाळ बघते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंत तपासणी होते. पण मार्चमध्ये पट्टा पडतो, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपतो, आणि टोळी बीडला परतते. बाळ आठव्या महिन्यात बसतंय का, हे बघायचं कुणी? सांगलीच्या आशाताईंनी की बीडच्या?

(दृश्य: प्राथमिक आरोग्य केंद्र. रक्तदाबाचा पट्टा, रिकामी खुर्ची.)

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. २०१६ पासून. फडावर त्या दिवशी कामाला न जाणं म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीच्या हिशेबातून कापले जातात.